मजकुराखाली नाव कोणाचे?

चारकोपच्या वाचकांकडून तीन प्रश्न पुन्हापुन्हा येतात. ‘आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर म्हाडाचं पत्र फिरतंय, खरं आहे का?’ हा पहिला. ‘बातमी उघडायला गेलं की पैसे मागतात, मग शेजाऱ्यांनी पाठवलेला पेपरचा पीडीएफ वाचला तर बिघडलं कुठे?’ हा दुसरा. तिसरा जरा दबक्या आवाजात विचारला जातो: ‘मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस मला नेतील का?’

या प्रश्नांकडे वळण्याआधी चारकोपबद्दल थोडे. १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे भूखंड आखले, रस्ते, पाणी आणि गटारे दिली आणि घर ज्याचे त्याने बांधावे असे ठरवले. साधारण पस्तीस घरांची एक सोसायटी, मध्ये मोकळे अंगण. त्यामुळे इथल्या बहुतेक कपाटांत एक जाडजूड फाइल असते: वाटपपत्र, भाडेपट्टा, ना-हरकत पत्रे, पावत्या. अफवाही इथे कागदाच्या वेशात येते. लिंबू-हळदीच्या रामबाण उपायावर हसणारी माणसे बोधचिन्ह आणि गोल शिक्का दिसला की गंभीर होतात. पुनर्विकासाचा विषय निघाला असेल तर एका बनावट पत्रावर सभासदांचे दोन तट पडतात. म्हणून सुरुवात कागदापासूनच करू.

कागद खालून वाचायला घ्या

आपण वरून वाचत येतो. आधी बोधचिन्ह, मग ठळक विषय, मग ‘अत्यंत तातडीचे’. बनावट कागद करणाऱ्याची सगळी मेहनत याच वरच्या भागावर झालेली असते. तुम्ही तळापासून सुरुवात करा आणि एवढेच शोधा: या मजकुराला उत्तर द्यायला बांधील असलेले माणूस किंवा कार्यालय कोणते?

- शासन निर्णय, म्हणजे जीआर असेल तर: शेवटच्या परिच्छेदात ‘हा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते. हा लांबलचक आकडा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू होतो. ४ जुलै २०१९ ला काढलेल्या निर्णयाचा संकेतांक २०१९०७०४ ने सुरू व्हायला हवा. तो शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या विभागात टाकून पाहा. संकेतांकच नसेल, तारखेशी जुळत नसेल किंवा शोधून काही सापडत नसेल, तर कागद तिथेच थांबवा.
- म्हाडाचे किंवा महापालिकेचे पत्र असेल तर: जावक क्रमांक, दिनांक, सही करणाऱ्याचे पदनाम आणि ‘प्रत माहितीसाठी’ कोणाकोणाला, हे पाहा. पत्राची छापील प्रत घेऊन त्या कार्यालयाच्या आवक-जावक टेबलाशी जा. मुंबई मंडळाचे असेल तर वांद्र्याच्या कलानगरातील गृहनिर्माण भवन, महापालिकेचे असेल तर आपले आर दक्षिण विभाग कार्यालय. ‘हा जावक क्रमांक तुमचाच का?’ एवढेच विचारा. ‘हे खरं आहे का?’ असे विचारलेत तर तुम्हाला साहेब येईपर्यंत बाकड्यावर बसवतील.
- वृत्तपत्राचे कात्रण असेल तर: वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान. या चारपैकी एकही नसेल तर ते कात्रण नव्हे, नुसते चित्र. कात्रण बनवून देणारी संकेतस्थळे आहेत आणि त्यांना मिनिटभरही लागत नाही. तारीख असेल तर त्या दिवसाचा ई-पेपर उघडून तेच पान पाहा.
- अख्खा पेपर असेल तर: एखाद्या पानाच्या तळाशी मुंग्यांसारख्या अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापले, संपादक कोण. १८६७ च्या कायद्याने ही नावे छापणे बंधनकारक केले. १ मार्च २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा नियतकालिक नोंदणी कायदा आला, पण नावांची अट राहिली.

ती ओळ मला अग्रलेखाइतकीच मोलाची वाटते. एखादा पेपर मला पटत नसेल, चीडही आणत असेल. तरी खोटे छापले तर नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची, हे तो स्वतःच सांगतो. ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असे सांगणारा मजकूर ते कधीच सांगत नाही.

कार्यालयात दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा. अर्ज ऑनलाइनही करता येतो. ‘पुनर्विकासाची बातमी खरी आहे का?’ असा प्रश्न लिहू नका, कारण माहिती अधिकारात मत मागता येत नाही, कागद मागता येतो. असे लिहा: ‘अमुक क्रमांकाचे, अमुक दिनांकाचे पत्र आपल्या कार्यालयातून निर्गमित झाले असल्यास त्याची साक्षांकित प्रत द्यावी.’ तसे पत्र नसेल तर ‘अभिलेखावर आढळत नाही’ असे लेखी मिळते, आणि ते सोसायटीच्या सभेत दाखवता येते.

कागद खरा, तरी बातमी चुकीची

हा प्रकार जास्त फसवा आहे आणि यात भलेभले अडकतात.

१४ एप्रिल २०२० ला पहिल्या टाळेबंदीची मुदत संपत होती. त्याच दिवशी ती ३ मेपर्यंत वाढली आणि दुपारी वांद्रे स्थानकाबाहेर गावी जायला निघालेल्या मजुरांची मोठी गर्दी जमली. त्या सकाळी एका मराठी वाहिनीने रेल्वेच्या अंतर्गत पत्राचा हवाला देऊन विशेष गाड्या सुटण्याची बातमी दिली होती. पोलिसांनी वार्ताहराला अटक केली. दोन दिवसांत जामीन झाला. गर्दी बातमीमुळे जमली की पोटात अन्न नव्हते म्हणून, यावर तेव्हाही वाद होता. माझ्या मते अटकेने काहीच सिद्ध झाले नाही. आपल्या कामाचा मुद्दा निराळा आहे: पत्र होते, पण ते गाड्या सोडण्याच्या विचाराबद्दलचे होते. विचार चालू आहे आणि गाडी सुटणार आहे यांत एका क्रियापदाचे अंतर असते, आणि पडद्यावरच्या धावत्या पट्टीत तेच पहिले गळते.

घराच्या बाबतीत तर क्रियापदच वाचा:

- ‘मागणी केली’, ‘निवेदन दिले’, ‘आश्वासन दिले’: अजून काहीही झालेले नाही.
- ‘प्रस्तावित’, ‘विचाराधीन’, ‘लवकरच’: फाइल कुठल्या तरी टेबलावर आहे. कदाचित.
- ‘तत्त्वतः मंजुरी’: बैठकीत होकार मिळाला, अटी ठरायच्या आहेत.
- ‘प्रारूप’, ‘हरकती व सूचना मागवल्या’: इथे तुम्हाला बोलायचा हक्क आहे आणि त्याला मुदत आहे. नेमकी हीच बातमी ग्रुपवर कोणी पाठवत नाही.
- ‘शासन निर्णय निर्गमित’, ‘अधिसूचना प्रसिद्ध’: आता कागद मागा.

उदाहरणच घ्या. ‘कमिटीने बिल्डर नेमला, आता सह्या द्याव्याच लागतील’ असा निरोप आला, तर सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय स्वतः काढून वाचा. पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा कशी बोलवायची, गणसंख्या किती, किमान ५१ टक्के सभासदांची संमती कशी घ्यायची, सगळे त्यात मराठीत आहे. वाचायला अर्धा तास लागतो. म्हाडाच्या सोडतीचेही तसेच: म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडा दर सोडतीला सांगते, आणि दर सोडतीला ‘आतली ओळख’ सांगणारा कोणीतरी भेटतोच.

कांदिवलीहून निघालेली गाडी

पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, हा निरोप दर एकदोन वर्षांनी परत येतो. गावाचे नाव बदलते, कधी गाडीचा रंग बदलतो. याला मी इतर फॉरवर्डच्या पंगतीत बसवत नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने मारली. ती सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी फिरत तिथे पोचली होती. पोरे पळवणारी समजून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती: दुचाकीवरून येऊन मूल उचलून नेणारे दोघे. ती मूळ कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेची जनजागृतीची फीत होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेश देतात, तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

मग १६ एप्रिल २०२० ची रात्र. टाळेबंदीत दोन साधू आणि त्यांचा चालक कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. आपल्याच स्थानकाच्या पलीकडच्या बाजूची माणसे. मुख्य महामार्ग टाळून आडवाटेने जाताना पालघर जिल्ह्यात गडचिंचले गावाजवळ त्यांची गाडी अडवली गेली. चोर आणि मुले पळवणारे येतात या अफवेने गावोगाव रात्रीचे पहारे बसले होते. पोलीस हजर असताना तिघेही मारले गेले.

या घटनेत अफवा दोनदा झाली, हे आपण विसरतो. पहिलीने माणसे मेली. दुसरी नंतरची: मारणारे कोणत्या धर्माचे, याची. एका चित्रफितीत एक विशिष्ट मुस्लिम नाव पुकारलेले ऐकू येते असा दावा फिरला. प्रत्यक्षात तिथे कोणीतरी ‘ओये बस’ असे ओरडत होता. पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुस्लिम नाही असे सांगितले. तुम्ही ती फीत मथळा झाकून ऐकलीत तर एक ऐकू येते, मथळा वाचून ऐकलीत तर दुसरे. आपल्या कानाचाही भरवसा नाही, हे मी त्या आठवड्यात शिकलो. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या लवंग्यात मथुरेकडचे चार साधू याच संशयावरून पुन्हा मारहाणीत सापडले. ते वाचले.

असा निरोप आला तर:

1. आधी ११२ ला फोन करा. मुलाचा प्रश्न असेल तर १०९८ आहे. ग्रुप त्यानंतर.
2. संशयित व्यक्तीचा फोटो ग्रुपवर टाकू नका. फोटो टाकणारा फक्त ‘लक्ष ठेवा’ म्हणतो. पुढचा ‘हाच तो’ म्हणतो.
3. निरोपावर दुहेरी बाण आहे का पाहा. तो अनेक हातांतून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नाही.
4. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका. चित्रफीत असेल तर तिच्यातल्या एका चौकटीचा स्क्रीनशॉट काढून तो टाका. जुना आणि परगावचा निघण्याची शक्यता मोठी.
5. मराठीत पडताळणी करणाऱ्यांत फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर आहेत. मुंबईतली बूम आहे. दाव्यातले दोन-तीन शब्द आणि यांपैकी एकाचे नाव एकत्र शोधा.

पेवॉल: कोणते पैसे द्यावेत, कोणते नाहीत

वाचकांची तक्रार रास्त आहे. खोटे सगळीकडे फुकट मिळते आणि खरे शोधून लिहिलेले कुलपाआड असते. पण त्या कुलपामागे बातमीदाराचा पगार, वकिलाचा सल्ला आणि तीन महिने एका फाइलमागे फिरण्याचा खर्च असतो, हेही खरे. मधल्या मध्ये आपल्यापर्यंत पोचतो तो फक्त मथळा, कारण मथळा फुकट दिसतो. मथळा बातमीदार लिहीत नाही, डेस्कवरचा माणूस लिहितो; आणि ‘?’ लावलेल्या मथळ्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असते. कुलूपबंद बातमीचा नुसता मथळा पुढे पाठवणे हे न उघडलेले पाकीट वाचून दाखवण्यासारखे आहे.

पर्याय तुमच्या खिशाप्रमाणे:

- छापील पेपर. अजूनही सर्वांत स्वस्त. दोन घरांनी दोन वेगळे पेपर घेऊन दुपारी बदलायचे, ही चाळीतली जुनी रीत चारकोपच्या अंगणात सहज चालेल. शिवाय मालमत्तेच्या ‘जाहीर नोटिसा’ छापील पानांवरच येतात. तुमच्या भूखंडाबद्दल हरकत मागवणारी नोटीस असेल आणि तुम्ही फक्त ग्रुप वाचत असाल, तर मुदत निघून गेलेली असते.
- ग्रंथालय. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाच्या वृत्तपत्र टेबलावर बसून पाचसहा पेपर चाळता येतात. निवृत्तांना मी हाच पर्याय आधी सुचवतो, गप्पांसाठीही.
- तीच बातमी दुसरीकडे. खाली ‘पीटीआय’ असेल तर ती वृत्तसंस्थेची आहे आणि दुसऱ्या कुठल्या तरी संकेतस्थळावर उघडी मिळेल. आकाशवाणीचे प्रादेशिक वृत्त, सह्याद्री वाहिनी आणि बीबीसी मराठी यांना कुलूप नाही.
- मूळ कागद. बातमी न्यायालयाच्या निकालाची, जीआरची किंवा महारेराच्या नोंदीची असेल, तर तो कागद फुकट आहे.
- भेट दुवा. काही संकेतस्थळे वर्गणीदाराला एखादा लेख दुसऱ्यासाठी उघडून पाठवू देतात. मुलगा किंवा सून वर्गणीदार असेल तर त्यांना सांगा.
- एकच वर्गणी, विचार करून. पाच ठिकाणी थोडे थोडे देण्यापेक्षा ज्या विषयाशी तुमचा पैसा किंवा आरोग्य बांधलेले आहे तो नीट देणारे एक निवडा.

वर्गणी घेताना ‘पहिला महिना १ रुपया’ याच्या खाली दुसऱ्या महिन्याचा आकडा काय आहे तो वाचा. खात्यातून आपोआप पैसे वळते होणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, आणि तो आदेश रद्द करण्याचा हक्क तुमचा आहे. तो बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमधूनही रद्द करता येतो. वर्गणी विभागाच्या विनवण्या करत बसू नका.

आता पीडीएफ. स्वतः वाचण्यापुरते कात्रण ठेवणे, एखादा परिच्छेद उद्धृत करून त्यावर मत देणे, याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. रोजचा अख्खा पेपर दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणे त्यात बसत नाही. टाळेबंदीत पेपर घरपोच येईना, तेव्हा असे पीडीएफ सर्रास फिरले. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका हिंदी दैनिकाचा ई-पेपर फुकट वाटणाऱ्या टेलिग्रामवरच्या वाहिन्या बंद करायला लावल्या. बातमीतली माहिती मात्र कोणाच्या मालकीची नसते. तुम्ही ती स्वतःच्या चार वाक्यांत लिहून, पेपरचे नाव आणि तारीख देऊन ग्रुपवर टाकू शकता. खरे तर तेच जास्त वाचले जाते.

आणि ‘फ्री ई-पेपर’ म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर तिला हात लावू नका. ते वृत्तपत्र नसते, मोबाइलमध्ये शिरणारे अ‍ॅप असते. लग्नपत्रिका आणि वाहतूक दंडाच्या पावत्या याच वेशात येतात. चुकून उघडली आणि पैसे गेले तर तासाभरात १९३० ला कळवा.

पैसे दिले म्हणजे खरेच मिळते असेही नाही

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या मोठ्या दैनिकांत एकाच नेत्याचे गुणगान करणारा मजकूर शब्दशः सारखा, वेगवेगळ्या नावांखाली छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती पाने शेजारी शेजारी ठेवून दाखवली. तेव्हापासून ‘पेड न्यूज’ हा शब्द आपल्याकडे रुळला. त्यामुळे पुरवणीतल्या गृहप्रकल्पाच्या कौतुकाकडे पाहताना ‘जाहिरात’, ‘प्रायोजित’, ‘माध्यम उपक्रम’ असे बारीक शब्द कोपऱ्यात शोधा. एकच वाक्य दोन पेपरांत जसेच्या तसे दिसले, तर ती दोन माणसांची साक्ष नव्हे. एकच पत्रक दोघांनी उतरवले आहे. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत ‘चिप’ असल्याची अफवाही न तपासताच वाहिन्यांपर्यंत पोचली होती. रिझर्व्ह बँकेच्या नोटेच्या वर्णनात तिचा पत्ताच नव्हता, आणि ते वर्णन कोणालाही वाचता येत होते.

मग ठरवणार कोण?

‘सरकारनेच एकदा शिक्का मारून टाकावा ना, खरं की खोटं!’ असे एका आजोबांनी लिहिले आहे. केंद्र सरकारलाही तसेच वाटले होते. ६ एप्रिल २०२३ ला माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली: केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा, हे केंद्राचाच तथ्य पडताळणी कक्ष ठरवणार आणि समाजमाध्यमांनी त्यानुसार वागायचे. याला आव्हान मुंबई उच्च न्यायालयात दिले गेले. अर्जदारांत विनोदी कलाकार कुणाल कामरा होते, एडिटर्स गिल्डही होती. ३१ जानेवारी २०२४ ला खंडपीठात मतभेद झाला: न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी वैध. त्याच वर्षी २० मार्चला केंद्राने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला नियम घटनाबाह्य ठरवला.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. केंद्र सरकारची पीआयबी फॅक्ट चेक ही सेवा चालू आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ८७९९७११२५९ ला निरोप पाठवून केंद्राच्या योजनांबद्दल विचारता येते, आणि ‘अमुक योजनेत दरमहा पाच हजार’ असल्या बनवाबनवीसाठी ती उपयोगी आहे. तिचे उत्तर म्हणजे त्या खात्याचा खुलासा. खुलासा जरूर वाचावा. पण एखाद्या बातमीदाराने त्याच खात्याचा गैरकारभार कागदांसह मांडला असेल, तर खात्याने ‘खोटे आहे’ म्हटल्याने ती बातमी खोटी होत नाही. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायची, यात अडचण काय ते आजोबांना शाळेपासून माहीत असणार.

अ‍ॅडमिनहो, घाबरू नका. पण झोपूही नका

ही भीती आली ती एप्रिल २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली काढलेल्या आदेशातून. त्यात अ‍ॅडमिनलाही जबाबदार धरले होते. त्यानंतर १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तसा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दाखवावे लागते. अ‍ॅडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे एवढेच असते, हे न्यायालयाने ओळखले.

मजकूर लिहिणारा आणि जाणूनबुजून पसरवणारा मात्र सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये भीती किंवा तेढ पसरवणाऱ्या खोट्या निरोपांसाठी तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. उलट, कोणी तुम्हाला ‘६६ अ लावीन’ म्हणून धमकावले तर ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केले आहे, हे सांगा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक टिप्पणीवरून झालेली अटक हे त्या खटल्यामागचे एक मोठे कारण होते.

दोन सोयी आजच करा. सूचनांसाठी वेगळा ग्रुप, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. आणि गप्पांच्या ग्रुपच्या वर्णनात एक ओळ: ‘कार्यालयीन पत्र टाकताना जावक क्रमांक किंवा संकेतांक द्यावा, अन्यथा काढले जाईल.’ अ‍ॅडमिनला कोणाचाही निरोप सर्वांसाठी पुसता येतो. नियम आधी लिहिलेला असला की पुसल्यावर भांडण होत नाही, निदान कमी होते.

तुमच्याबद्दल चुकीचे छापून आले तर

आधी संपादकांना लिहा. वाक्य, पान, तारीख आणि पुरावा यांसह. ‘तुमची बातमी खोटी आहे’ असे मोघम लिहिलेले पत्र टोपलीत जाते. दाद लागली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषद, जिची रचना १९७८ च्या कायद्याने झाली आहे. दैनिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची. परिषद दंड करू शकत नाही, ताकीद देते आणि ताशेरे मारते. दात नसलेला वाघ आहे हे खरे, तरी तिचा लेखी निष्कर्ष पुढे कामी येतो.

वाहिनीसाठी मुदत फार कमी: प्रक्षेपणानंतर सात दिवसांत वाहिनीकडे, तिथे समाधान झाले नाही तर पुढच्या चौदा दिवसांत वाहिन्यांच्या प्रमाण प्राधिकरणाकडे, आणि तेही वाहिनी त्याची सभासद असेल तरच. म्हणून कार्यक्रम दिसताक्षणी वेळ लिहून ठेवा, दुवा जपा. डिजिटल वृत्तस्थळांसाठी २०२१ च्या नियमांत आखलेली तीन पायऱ्यांची व्यवस्था मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगित केली. तिथे संपादकांना ईमेल आणि वकिलाची नोटीस हाच मार्ग धरा.

आणि चूक आपणच केली असेल तर

नुसते ‘सॉरी, चुकून गेलं’ पुरत नाही, कारण तोवर जुना निरोप आणखी चार ग्रुपांत गेलेला असतो. मूळ निरोपाला उत्तर म्हणूनच दुरुस्ती लिहा, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतात: काय चुकले, बरोबर काय, तुम्ही कुठे पाहिले, तुमचे नाव. ज्या ज्या ग्रुपवर पाठवले होते तिथे तिथे.

दुसऱ्याची चूक असेल तर ग्रुपवर खोडून काढू नका, त्यांना वेगळा निरोप पाठवा. ‘काका, हे मलाही आलं होतं. जीआरचा नंबर शोधला, सापडला नाही. तुमच्याकडे मूळ प्रत आहे का?’ बहुतेक काका स्वतःच काढून टाकतात. मागच्या वर्षी मी पाणी बंदचा एक जुना निरोप तारीख न बघता आमच्या ग्रुपवर टाकला होता. पस्तीस घरांनी पिंप भरले. दुरुस्ती टाकली तेव्हा समोरच्या काकूंनी एवढेच विचारले, ‘खाली नाव कोणाचं होतं हो?’